‘नु’ टाळणारी तोकिए

साकाइमिनातोच्या मासळी बाजारामागे ‘कामोमे’ नावाचं चहाघर आहे. दुपारची जेवणं उरकली की बंदरावरची म्हातारी मंडळी तिथं गायला जमतात. कराओकेचं यंत्र जुनं, माईकच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली, पण गाणाऱ्यांचा तोरा असा की साऱ्या देशाचे कान आपल्याकडेच लागलेत. या सगळ्यांना सांभाळते ती तोकिए. सत्तरी उलटलेली, आवाज घोगरा, खेकडे उकळायच्या शेडमध्ये उभ्या उभ्या उमेदीची वर्षं काढलेली. तिला सगळे मालकीणबाई म्हणतात. तिनं स्वतः कधी गाणं म्हटल्याचं मात्र कुणालाच आठवत नाही.

दर गुरुवारी इथं भेंड्या रंगतात. गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर धरायचं, त्यावरून सुरू होणारं दुसऱ्या गाण्याचं नाव सांगायचं आणि ते गाऊनही दाखवायचं. ज्याला जमलं नाही त्यानं सगळ्यांना चहा ओतायचा. कामोमेचा एक जादा नियम असा की दर गड्यानंतर एक पाळी मालकीणबाईंची. तिला यंत्र बघायचं असतं, म्हणून गाणं माफ. तिनं नुसतं नाव सांगितलं तरी चालतं.

या सवलतीचं तोकिएनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. न्हावी वाशिओला धड येणारी गाणी एका हाताच्या बोटांवर मोजावीत, त्यातलं बरं गाणं ‘यो’चं. त्याची पाळी आली की तोकिएच्या तोंडून हटकून ‘यो’वर संपणारं नाव निघणार. मग वाशिओ छाती फुगवून उठतो.

“आज नशीब जोरावर आहे हं आपलं!”

“तुमचं नशीब रोजच जोरावर असतं. सूर तेवढा कधी जोर धरत नाही,” असं म्हणून तोकिए बटण दाबते.

शेकडो नावं जिभेवर खेळवायची, पुढच्याला काय येतं ते ओळखायचं आणि त्याला पत्ताही लागू न देता नेमकं तेच अक्षर त्याच्या ओंजळीत टाकायचं. याला डोकं लागतं, आणि डोक्याहून जास्त माया लागते. तोकिएकडे दोन्ही मुबलक होतं. तिच्या दुकानातून हरून, खजील होऊन कुणी घरी गेलेलं नाही.

एकच अक्षर ती कुणाला देत नसे, ‘नु’. कारण कामोमेत ‘नु’चं एकच गाणं होतं, ‘नुरेता तेबुकुरो’, म्हणजे ओले हातमोजे. ते युगुलगीत कुरामोतो आणि त्याची बायको हिरोए या दोघांचं. इथं प्रत्येकाचं एक आपलं गाणं असतं आणि दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. सांगावं लागत नाही, सगळ्यांना कळतं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात हिरोए वारली. कुरामोतो आयुष्यभर खेकड्यांच्या बोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस, मुळातच अबोल. तो त्यानंतरही दर गुरुवारी यायचा, स्वतःची कॉफी आणि हिरोएचा बार्लीचा चहा मागवायचा, पाळी आली की मान हलवायचा आणि उठून चहा ओतायला लागायचा. म्हणून तोकिएनं त्याच्यासमोर ‘नु’ येऊ द्यायचाच नाही असं ठरवून टाकलं होतं.

आणि मग शरदात नागुमोबाई आल्या. लेकीकडे राहायला आलेल्या, गावात नव्या. भेंड्या सुरू व्हायच्या आधी त्यांनी हौसेनं यंत्रावर एक गाणं लावलं, ‘नुरेता तेबुकुरो’. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि सगळं दुकान चिडीचूप. तोकिएनं झेप घेऊन यंत्र बंद केलं. गाणाऱ्याचं गाणं मधेच तोडण्याइतकं अपमानाचं या गावात दुसरं काही नसेल. नागुमोबाईंचा चेहरा उतरला. कुरामोतोनं टोपी उचलली आणि तो निघून गेला.

पुढचे दोन गुरुवार त्याची खुर्ची रिकामी. त्यातच वाशिओनं बातमी आणली की कुरामोतोचा मुलगा त्याला ओसाकाला न्यायला येतोय, घराला कुलूप लागणार. उरला होता एकच गुरुवार. तो असाच रुसून गेला तर? तोकिएच्या जिवाला घोर लागला. तिनं मुरवलेल्या छोट्या कांद्यांची बरणी घेतली आणि तडक त्याचं घर गाठलं.

“माफी मागायला आलेय,” ती दारातच म्हणाली. “नागुमोबाईंना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं हो.”

“त्यांचं काय चुकलं? छान गात होत्या. बंद कुणी केलं?”

“मी केलं. तुम्हाला त्रास नको म्हणून.”

“त्रास!” कुरामोतोचा आवाज चढला. “एवढ्या दिवसांनी कानावर पडलं होतं. आता हिरोएची ओळ येणार म्हणून जीव कानात गोळा करून बसलो होतो, आणि तुम्ही खट्टकन बटण दाबलंत!”

“मग तुम्हीच कधी का नाही म्हटलंत ते गाणं?”

“आपणच आपलं अक्षर मागायचं? भेंड्यांत असं असतं का कुठं? वाट बघत होतो, आज तरी ‘नु’ द्याल म्हणून. तुम्ही आपल्या दरवेळी बगल देऊन पुढं. जन्मभर इंजिन ऐकलंय मी, मालकीणबाई. कुठं ठोका चुकतो ते कळतं मला.” त्यानं तिच्या हातातल्या बरणीकडे पाहिलं. “आधी वाटलं, माझ्यासाठी करताय. माझ्यासाठी नाही. तुम्हालाच ऐकवत नाही ते गाणं.”

“काहीतरीच काय!” तोकिए फणकारली आणि बरणी ठेवून निघाली.

पण रस्ताभर ते तिच्या मनातून जाईना, कारण ते खरं होतं. शेडमध्ये तोकिए आणि हिरोए एकाच हौदाशी उभ्या राहायच्या. वाफेत एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, फक्त हिरोएची गुणगुण ऐकू यायची, याच गाण्याची. हिरोए गेल्यावर सगळे कुरामोतोला धीर द्यायला धावले. तोकिएनंही दिला. तिला स्वतःला मात्र मैत्रिणीसाठी रडायला फुरसतच झाली नाही, आणि तिनं ती होऊही दिली नाही.

शेवटच्या गुरुवारी कुरामोतो आला, इस्त्रीचा सदरा घालून. खुर्चीत बसला, कॉफी आणि बार्लीचा चहा मागवला. तोकिएनं आधी सगळ्यांदेखत वाकून नागुमोबाईंची क्षमा मागितली. मग भेंड्या सुरू झाल्या. वाशिओनं ‘युकिआकारी नो आमि’ कसंबसं रेटलं. ‘मि’ आला. पाळी तोकिएची, आणि तिच्यानंतर कुरामोतोची.

‘मि’ची सोपी नावं सवयीनं तिच्या ओठांवर आली होती. तिनं ती गिळली.

“मिनातो नो इनु,” ती म्हणाली. बंदरावरचं कुत्रं.

“अहो मालकीणबाई, चुकलात!” वाशिओ कुजबुजला, पण त्याची कुजबुज रस्त्यापर्यंत ऐकू जाते. “दुसरं सांगा, पटकन!”

“चुकले नाही. ‘नु’ आलाय. कुरामोतो-सान, तुमची पाळी.”

कुरामोतो सावकाश उठला. नाव सांगितलं, माईक घेतला आणि गायला लागला. आवाज गंजला होता, पण सूर जागेवर होता. त्याची ओळ संपली. बाईची ओळ पडद्यावर आली आणि नुसत्या संगीतावर एकेक अक्षर रंगत चाललं. नागुमोबाईंनी मान खाली घातली. कुरामोतोनं दुसरा माईक उचलला आणि तोकिएसमोर धरला.

तिनं तो घेतला. इतकी वर्षं दुसऱ्यांना अक्षरं वाटणारी बाई त्या दिवशी गायली. कुठंही न अडखळता, पडद्याकडे न बघता तिनं हिरोएच्या सगळ्या ओळी म्हटल्या. फक्त वरच्या सुरावर आवाज चिरकला, आणि त्यासरशी तिचे डोळे वाहायला लागले, तरी ती थांबली नाही.

टाळ्या वाजल्या. तोकिए खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसत म्हणाली, “शोभा केली मी.”

“हिरोएचा आवाजही तिथंच चिरकायचा,” कुरामोतो म्हणाला. “दरवेळी, त्याच जागी.”

“ठाऊक आहे मला. तिच्याकडूनच तर शिकले.”

कुरामोतो हसला. हिरोए गेल्यापासून तो हसलेला कुणी पाहिला नव्हता. त्यानं बार्लीच्या चहाचा पेला उचलून तोकिएच्या पुढ्यात ठेवला, आणि ती एका दमात प्यायली.

“चला, ‘रो’ आलाय,” ती नाक ओढत म्हणाली. “पाळी माझी. नागुमोबाई, कुठलं अक्षर देऊ तुम्हाला? मागा निःसंकोच. आजपासून चालतं.”