कडेच्या ओळी

भातावर डॉक्टरेट केलेला माणूस कुकर लावताना पाणी किती घालू विचारतो, ही आमच्या कोपरच्या घरातली जुनी करमणूक आहे. पाहुणे आले की बायको मुद्दाम मलाच भात लावायला पाठवते आणि बाहेर सगळ्यांना गप्प बसून ऐकायला सांगते. बाल्कनीतल्या कुंडीत मी लावलेली मिरची तर कधी दोन बोटांवर गेलीच नाही. तरीही सकाळी स्कूटर काढून शहाडच्या पुढे, नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या कृषी संशोधन केंद्रावर जायचं आणि पिढ्यान् पिढ्या शेती केलेल्या लोकांना शेती शिकवायची, हा माझा धंदा. पगारही मिळतो.

आमच्या कामात एक भाग असतो, शेतकऱ्याच्या शेतावर प्रयोग करायचा. त्या वर्षी मला जागा सापडली ती मानपाड्याकडच्या एका जुन्या आगरी गावात. गाव म्हणजे आता सगळ्या बाजूंनी इमारती, आणि मधे एकच भाताची पट्टी उरलेली. एका अंगाला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या अंगाला रस्ता. मालकीण सत्तरीच्या पुढची, काटक, मला पहिल्या दिवसापासून अरेतुरे करणारी. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला डाक्टर. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, ते मी कधी विचारलं नाही.

तिनं प्रयोगाला जागा दिली ती विज्ञानाच्या प्रेमानं नव्हे. तिच्या मुलाला तिथे भराव टाकून भाडेकरूंच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं होतं. मुलगा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं इतकंच, की चार मुठी भातासाठी आईनं या वयात चिखलात का उभं राहायचं? मावशीचं म्हणणं, चार मुठी नाय, सा पोती येतात, घरची भाकरी वरीसभर त्यावरच चालते. शेवटी दोघांत ठरलं, ते माझ्यासमोर, ओट्यावर चहा पिताना. केंद्राच्या कागदावर सहा पोती आली तर मावशी आहे तोवर पट्टीला हात लावायचा नाही. नाही आली, तर आईनं गप्प बसायचं.

"तू फकस्त खरा लिव," मावशी मला म्हणाली. "शिक्का मार नि लिव."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, मावशी, अगदी शास्त्रीय पद्धतीनं लिहितो. हाच तो घोळ.

आमची शास्त्रीय पद्धत अशी. चार वाण घ्यायचे, तीन आमचे, एक मावशीचं घरचं. पट्टीचे बारा चौकोन करायचे, प्रत्येकाला पाटी लावायची. कापणीला प्रत्येक चौकोनाच्या चारही बाजूंच्या ओळी आधी कापून बाजूला टाकायच्या. त्या मोजायच्या नाहीत. का? तर कडेच्या रोपाला ऊन-वारा जास्त मिळतो, ते जास्त भरतं आणि तुलना बिघडते. आम्ही मोजायचं फक्त मधलं. हे मी विद्यार्थ्यांना इतकी वर्षं शिकवलंय, की झोपेत उठवून विचारलं तरी घडाघडा सांगेन.

कापणीच्या दिवशी मावशी विळा घेऊन आली आणि भिंतीशी पडलेला ढीग बघून थांबली.

"हा कशाला बाजूला टाकलास?"

मी तिला व्याख्यान दिलं. ऊन, वारा, तुलना. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे चांगला भरलेला भात तू मोजायचा नाय?"

"तसंच असतं, मावशी."

"बरा," ती म्हणाली आणि कापायला वाकली. सोबतच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, अडाणी आहेत. खोटं कशाला बोलू, असंच वाटलेलं.

मधलं भात झोडलं, मोजलं, अडीच पोती भरली. कडेचा ढीग बायका दुसऱ्या दिवशी झोडणार होत्या, तेव्हा मी तिथे नव्हतोच. केंद्रावर येऊन मी झकास अहवाल लिहिला. पहिल्या पानावर, ठळक अक्षरात, प्रत्यक्ष उत्पादन अडीच पोती. आत नऊ पानं तक्ते. साहेबांची सही, गोल शिक्का, एक प्रत शेतकऱ्याला. ओट्यावरचा तो चहा माझ्या डोक्यातून साफ गेलेला. माझ्या डोक्यात एकच, की घरच्या वाणाचे आकडे आमच्या वाणांच्या वर कसे काय गेले!

आठवड्यानं मुलाचा फोन आला.

"सर, थँक यू हां. तुमच्या रिपोर्टनं काम झालं. आई बोलत होती अजून साडेतीन पोती आहेत घरात, मी म्हटलं ती गेल्या वर्षीची असतील. डॉक्टरांनी लिहिलंय ना, बात खतम."

सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला आनंद झाला. आमचे अहवाल कुणी वाचत नाही हो! इथे एक माणूस वाचून वर फोन करत होता. मी म्हटलं, "वेलकम, वेलकम." फोन ठेवला, आणि मग साडेतीन हा आकडा डोक्यात शिरला. अडीच आणि साडेतीन. सहा. अरे देवा!

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? लगेच उलटा फोन लावला असता. भाऊ, माझी चूक झाली, कडेचं भात मी धरलंच नव्हतं, तुझी आई खरं बोलतेय. अर्ध्या मिनिटाचं काम. फोन माझ्या हातातच होता. पण मी डॉक्टर पडलो ना! तोंडी चूक कबूल करायची म्हणजे काय, आपण रीतसर सुधारित पत्र देऊ, शिक्क्यासकट, म्हणजे वजन राहील. पत्र लगेच लिहिलं. साहेब प्रशिक्षणाला गेलेले. अकरा दिवस ते पत्र माझ्या टेबलावर पेपरवेटखाली सहीची वाट बघत पडलं आणि मी रोज त्याच्यासमोर बसून डबा खाल्ला. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, फोन कर ना." मी तिला कार्यालयीन पद्धत समजावली.

बाराव्या दिवशी सही झाली. पत्र खिशात घालून मी तडक मानपाडा गाठलं. रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधत होतो, तेवढ्यात मुलाची हाक आली. "सर, तिकडे कशाला? इथे आत लावा, भरपूर जागा झालीय."

पट्टी नव्हती. फोडलेल्या इमारतीचा राडारोडा आणि वर मुरूम, रोलर फिरवून सपाट केलेला. दोन गाड्या उभ्याही होत्या. मागून टेम्पो हॉर्न वाजवत होता, म्हणून मी स्कूटर तिथेच लावली.

मावशी ओट्यावर बसलेली. मी पत्र काढलं, वाचून दाखवलं. एकूण उत्पादन सहा पोती. मुलगा ऐकत होता. "आधी बोलायचं ना सर," एवढंच म्हणाला आणि आत निघून गेला.

मावशीनं पत्र घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं. मग माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवली.

"सा पोती मना ठाव होती," ती म्हणाली. "तुला कवा समजला?"

"फोन आला त्याच दिवशी, मावशी."

"मंग तवाच फोनवर का नाय बोललास?"

डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत मी समोरच्या पाच जणांना दोन तास उत्तरं दिली होती. इथे नुसता भाकरी चावत राहिलो. तिनं मला अजून एक भाकरी वाढली.