परवानगी नव्हती, सर

आमच्या लष्करी फील्ड हॉस्पिटलचा इतिहास लिहायचं आमच्या सीओ साहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या कमांडिंग ऑफिसरनी, निवृत्तीनंतर मनावर घेतलं. गेल्या वर्षी ते दादरला मुलीकडे आले होते. मला फोन केला, "सिस्टर, तुमचं परळ तर जवळच. नर्सिंगचं प्रकरण एकदा नजरेखालून घाला."

मी गेले आणि चहा यायच्या आधीच एका वाक्यावर अडले. 'गोळीबाराच्या दिवसांतही परिचारिका अधिकाऱ्यांनी आदेशांचं काटेकोर पालन केलं.'

"हे खोटं आहे, सर."

"चांगलं लिहिलंय की तुमच्याबद्दल."

"चांगलं आहे. खरं नाही."

तेव्हा आमचं युनिट शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत होतं आणि मी कॅप्टन होते. लालबागच्या खोलीतून निघताना आई म्हणाली होती, "हंयसर काय आजारी माणसां नाय हत, म्हणान थंय जातंस?" तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. गेले एवढं खरं.

तिथल्या गावात दोन टोळ्यांची लढाई पेटली आणि वरून आदेश आला. फाटक बंद, उपचार फक्त आपल्या सैनिकांवर. आत खाटा रिकाम्या पडलेल्या. अशात एका भर दुपारी काही लोक एका बाईला दाराच्या फळीवर घालून घेऊन आले. ती अडली होती. बाळ आडवं होतं, त्याचा एक हात बाहेर आला होता. ऑपरेशनशिवाय ती जगणार नव्हती.

पहाऱ्यावरचा जवान म्हणाला, "मॅडम, ऑर्डर नहीं है."

मी वाद घातला नाही. बाजूच्या छोट्या दारातून बाहेर पडले आणि तिच्याजवळ मातीत बसले. मग त्याला म्हटलं, "अब मैं भी बाहर हूँ. अंदर आऊँगी तो इसके साथ."

तिकडे गोळ्यांचे आवाज चालूच होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, त्या इवल्या हाताकडे पाहिलं आणि अडसर काढला. आमच्या सर्जननी एक अक्षर न विचारता ऑपरेशन केलं. बाळ गेलं. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी आणखी लोक आले, आणि ते फाटक मग बंद करणं कुणालाच जमलं नाही.

पुढे चौकशी झाली. जवानाचा दोष नाही, फाटक मी उघडायला लावलं, एवढं मी सांगून टाकलं. "खेद वाटतो असं लिहून द्या, विषय संपेल," चौकशीचे अधिकारी म्हणाले. मी म्हटलं, खेद बाळाचा वाटतो, फाटकाचा नाही. मेजर व्हायला मला बरोबरीच्यांपेक्षा उशीर झाला, तो झाला.

हे सगळं सीओ साहेबांना माहीत होतं. तरी म्हणाले, "आता कशाला उकरायचं? युनिटचं नाव खराब होतं."

"खराब कसं, सर? आपण तिथे केलेलं सगळ्यात चांगलं काम ते."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "मग तुम्हीच लिहा."

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि मध्येच तीन शब्द घातले, 'सीओंच्या तोंडी परवानगीने'. म्हणाले, "याने तुम्हीही सुटता, मीही."

मी ते खोडले. "परवानगी नव्हती, सर. तुम्ही तेव्हा ऑफिसात होतात आणि बाहेर आला नाहीत."



"आलो असतो तर तुम्हाला अडवावं लागलं असतं," ते म्हणाले.

"मग तेच लिहा."

त्यांनी ते माझ्या मजकुराखाली स्वतःच्या हाताने लिहिलं.

पुस्तक छापून आलं, त्यात माझा मजकूर आणि त्याखालची त्यांची ओळ, दोन्ही आहेत. माझा भाऊ घाबरला. पेन्शनला काही झालं तर, म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि ते पान मोठ्याने वाचून दाखवलं.