फोडणीचा भात आणि डॉक्टरांचा प्रश्न

मंडळी, आज सकाळी फोडणीचा भात खाल्ला आणि दुपारपर्यंत उलट्यांनी बेजार झाले. कशीबशी रिक्षा करून नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे गेले.

"काकू, भात रात्री फ्रिजमध्ये ठेवला होता का?"

नव्हता. आमच्याकडे उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवतात, म्हणजे सकाळी मोकळा होतो. डॉक्टर म्हणाले, काही जंतू भात शिजवूनही मरत नाहीत. रात्रभर बाहेर राहिला की ते वाढतात, विष तयार करतात, आणि ते विष फोडणी दिल्यानेही जात नाही.

मग त्यांनी विचारलं, "तोच भात घरात अजून कोणी खाल्ला? त्यांना काही त्रास?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "हे गेल्यापासून मी एकटीच असते."

"मग एवढा भात उरतो कसा?"

हात अजून दोघांचेच तांदूळ काढतो.

आता बरं आहे. मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पितेय. फ्रिजचं कळलं मला. पण एका माणसाला भात किती लावायचा, ते तुमच्यापैकी कोणी सांगेल का?