पहाडीवर मुखरूला दिसलेली दुर्गी

कोसंबटोल्यात टीव्ही दिसू लागला तो मुखरू निकुरेमुळे. गाव खोलगटात, आणि जिथून सिग्नल यायचा त्या गडचिरोलीच्या बाजूला आडवी पडलेली पहाडी. शासनाने समाजमंदिरात रंगीत टीव्ही आणून ठेवला, पण त्याच्यावर नुसत्या मुंग्या आणि खरखर. लोक थोडा वेळ त्या मुंग्याच बघत बसत आणि मग घरी जात.

मुखरू तरुणपणी काही वर्षं बल्लारपूरला रेडिओच्या दुकानात होता. बाप वारल्यावर धानाची बांधी बघायला परत आला, तरी हाताला लागलेली सवय सुटली नाही. त्याच्याकडे एक जुना, छोटा, काळा-पांढरा टीव्ही होता. तो आणि एक बॅटरी खांद्यावर घेऊन तो पहाडी चढायचा आणि मोहाच्या, येनाच्या झाडांमधून हिंडत सिग्नल कुठे लागतो ते शोधायचा. शेवटी माथ्याजवळच्या एका मोकळ्या खडकावर चित्र उमटलं. तिथे त्याने लांब बांबू उभा केला आणि भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून अँटिना बांधला. खाली गावापर्यंत वायर ओढली. एवढ्या लांब वायरीत सिग्नल मरतो, म्हणून वरच, अँटिन्याजवळ, बॅटरीवर चालणारा बूस्टर बसवला. समाजमंदिरात पहिल्यांदा बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा दिसला तेव्हा पोरंसोरं ओरडली आणि म्हाताऱ्यांनी मुखरूच्या पाठीवर थापा मारल्या. तेव्हापासून तो गावात मुखरूभाऊ झाला. टीव्हीच्या बाबतीत तो म्हणेल ते खरं.

मंगली पोटावी ही त्याच गावातली. नवरा लवकर गेला. मोहफुलं, तेंदूपत्ता, डिंक यांच्यावर तिने एकुलत्या पोरीला वाढवलं. पोरगी दुर्गी आश्रमशाळेत शिकत होती. एकदा मुलींचं रेला या गोंडी नाचाचं पथक नागपूरला गेलं, त्यात दुर्गीही होती. तिथे त्यांचं शूटिंग झालं. ते कधी दाखवणार हा निरोप गुरुजींनी बसच्या कंडक्टरकडे दिला आणि तो फिरत फिरत मंगलीपर्यंत पोचला. मंगलीने तो पहिल्यांदा सांगितला मुखरूला.

"मुखरूभाऊ, माझी दुर्गी टीव्हीत येऊन राह्यली. दिसंल ना?"

"काऊन नाई दिसणार? मी हाओ ना."

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ती स्वतः समाजमंदिरात येऊन चित्र बघून गेली. कडेला थोड्या मुंग्या होत्या, पण माणसं ओळखू येत होती. "इतकं दिसलं तरी पुरे, भाऊ," ती म्हणाली. "आता काई हात नको लावजो."

मुखरू हसला. पण त्याच्या घरी चंद्रपूरहून आणलेला नवा, जास्त ताकदीचा बूस्टर पडून होता. मंगलीने आजूबाजूच्या टोल्या-वस्त्यांवरून नातेवाईक बोलावले होते. धानोऱ्याचे दोन मास्तरही येणार होते. एवढ्या लोकांसमोर आरशासारखं चित्र आलं पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. खरं सांगायचं तर दुर्गीसाठी नव्हे, स्वतःच्या नावासाठी. बायको गुणाबाई म्हणालीसुद्धा, "आजच काऊन? उद्या लावा ना." त्याने ऐकलं नाही.

दुपारी तो पहाडीवर गेला. नवा बूस्टर लावला आणि खाली जाऊन बघतो तर चित्राच्या जागी नुसत्या वाकड्या पट्ट्या. बूस्टरने सिग्नलबरोबर कचराही वाढवला होता. तो पुन्हा वर धावला. जुना परत लावू म्हणून घाईने वायर ओढली आणि जुन्या बूस्टरची तार सोल्डरच्या डागातून तुटली. डाग द्यायला वर वीज नाही. घरी जाऊन, डाग देऊन परत यायला वेळ लागणार होता आणि ऊन तर उतरायला लागलं होतं.

तो धावतच घरी गेला, डाग दिला, छोटा टीव्ही खांद्यावर घेऊन परत चढला. वर पोचला तेव्हा छातीचा भाता झाला होता. आधी सिग्नल तरी येतोय का बघावं म्हणून त्याने अँटिन्याची वायर सरळ छोट्या टीव्हीला जोडली. पडदा उजळला आणि त्यात पोरी नाचत होत्या.

हातात हात गुंफलेली ओळ एकदा पुढे येत होती, एकदा मागे. मधोमध दुर्गी. डोक्यात पिसं खोवलेली, मान ताठ. एकदा तिने सरळ समोर बघितलं, अगदी मुखरूकडेच बघितल्यासारखं. त्याला वाटलं, वायर काढून बूस्टरला जोडावी, खाली लोक बसलेत. पण हात हलला नाही. तो तसाच उकिडवा बसून बघत राहिला. भानावर येऊन त्याने वायर काढली आणि बूस्टर जोडला. खाली चित्र आलं तेव्हा बातम्या लागल्या होत्या.

तो उतरून आला. समाजमंदिर खचाखच भरलं होतं. सर्वांत पुढे मंगली, नवं लुगडं नेसून. तिने मागे वळून त्याच्याकडे बघितलं. किराणा दुकानवाला पवन मोठ्याने म्हणाला, "भाऊ, दुर्गी कुठी हाय? इतक्या वेळ मुंग्याच पाह्यल्या आमी."

बूस्टर मी बदलला, चूक माझी, एवढं म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही. निघालं ते वेगळंच.

"वरती माह्या टीव्हीवर लावून पाह्यलं मी. आज ते दाखोलंच नाई. दुसरंच काई लागलं होतं."

लोक उठले. मास्तर घड्याळ बघत निघाले. मंगली सर्वांत शेवटी उठली. "तुमी तरी काय करसान, भाऊ," असं म्हणून ती घरी गेली.

दिवाळीला दुर्गी आली ती उड्या मारतच. "पाह्यलं का? आमी होस्टेलात समद्यांनी पाह्यलं! मी मधात होती!"

गावाला हसायला निमित्त मिळालं. पवनने तिचं नावच टीव्हीवाली ठेवलं. पोरी पाण्याला जाताना तिच्या मागे खिदळू लागल्या. दुर्गी चिडून सांगत राहिली आणि जितकी सांगत राहिली तितकी खोटी ठरत गेली. शेवटी समाजमंदिरासमोर, चार लोकांदेखत, मंगलीने तिच्या थोबाडीत मारली.

"खोटं काऊन बोलतस? मुखरूभाऊनं आपल्या डोयानं पाह्यलं. तो खोटं नाई बोलत!"

मुखरू तिथेच होता. सायकलच्या चाकात हवा भरत होता. दुर्गीने गालावर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली आणि पंप मारत राहिला, टायर दगडासारखा टणक झाला तरी.

सुट्टी संपायच्या आधीच दुर्गी शाळेत परत गेली. पुढच्या सुट्टीत आली नाही. मंगली एकटीच रानात जाऊ लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, "अभ्यास हाय तिचा." मुखरूला जेवण गोड लागेना. गुणाबाईने खोदून विचारलं तेव्हा त्याने तिला सांगितलं. ती चुलीतली लाकडं सारत म्हणाली, "मले सांगून काय होते?"

तो एसटीने आश्रमशाळेत गेला. दुर्गी पटांगणात कपडे वाळत घालत होती. त्याने सगळं सांगितलं, अडखळत. तिला नवल वाटलं नाही.

"मले ठाऊक हाय मी दिसली होती, काका. आईले सांगा."

मोहफुलं पडायचे दिवस होते. मंगली सकाळी झाडाखाली वाकून फुलं वेचत होती. मुखरू तिच्यापाशी गेला. मग त्याने बूस्टरपासून सुरुवात केली. ती वेचतच होती. "मी पाह्यलं तिले. मी एकट्यानंच पाह्यलं," इथे तो आला तेव्हा तिचा हात थांबला. ती टोपलीशेजारी खाली बसली.

"म्हंजे पोरगी खरं बोलत होती."

"हो."

"मी तिले मारलं, मुखरू."

भाऊ हा शब्द गळून पडला होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग तिने विचारलं, "कशी दिसत होती?"

त्याने सांगितलं. ओळ, पिसं, ताठ मान, तिचं समोर बघणं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "परत सांग." त्याने परत सांगितलं. "लुगडं कोणत्या रंगाचं होतं?"

"माहा टीव्ही काळा-पांढरा हाय, बाई. रंग नाई समजला."

"लाल," मंगली म्हणाली. "मीच घेऊन देल्लं होतं. आता हे सगळं समाजमंदिरात सांगजो. जिथी मी तिले मारलं, तिथी."

टोपली अर्धी भरलेली तशीच झाडाखाली ठेवून ती रस्त्याला लागली, शाळेच्या गावची बस पकडायला.

मुखरूने त्या संध्याकाळी टीव्ही बंद करून लोकांसमोर सांगितलं. पवन ओशाळला. बाकीचे म्हणाले, "अरे, इतकंच ना? होते असं. लावा आता टीव्ही." इतकंच नव्हतं. त्याने टीव्ही लावला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. पुढे तो नागपूरला जाऊन टीव्हीच्या ऑफिसातही विचारून आला. इतकं जुनं चित्रण आता मिळणार नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं.

मायलेकींचं जुळलं. दुर्गी पुन्हा सुट्टीत येऊ लागली, पुढे शिकली आणि नर्स झाली. आता ती जवळच्याच उपकेंद्रात आहे. गावात घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, गडचिरोलीकडून येणारा सिग्नलही कधीचा बंद झाला. मंगली म्हातारी झाली आहे. रस्त्यात भेटली की मुखरूशी बोलते, पाऊसपाण्याचं, धानाचं विचारते, पण नुसतं मुखरू म्हणते.

गेल्या वर्षी गुणाबाईला बीपीचा त्रास सुरू झाला, तेव्हापासून गोळ्या आणायला मुखरू उपकेंद्रात जातो. दुर्गी त्याला खुर्ची देते, पाणी देते. गुणाबाईची चौकशी करते. ती इतकं चांगलं वागते तेच त्याला जड जातं. एकदा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो म्हणाला, "बाई, त्या टायमाले मी..."

दुर्गीने पुडीवर पेनाने खूण केली आणि पुडी त्याच्या हातात दिली. "ही जेवल्यावर द्यायची, काका. उपाशीपोटी नाई."

"हो," मुखरू म्हणाला. पुडी सदऱ्याच्या खिशात घालून तो बाहेर आला. बाकावर एक बाई लेकराला घेऊन बसली होती. तिला आत जायला वाट करून देत तो बाजूला झाला आणि सायकल घेऊन पायीच निघाला.