वैजयंतीताईंचा तलाव

आमच्या नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, कुणी ‘स्विमिंग पूल’ म्हटलं की वैजयंतीताई माने लगेच दुरुस्ती करतात. "जलतरण तलाव म्हणा हो. नाहीतर नुसतं तलाव म्हणा." सगळी नोकरी एसटीत झाली, त्याचा हा परिणाम. आगारात उद्घोषणा करायच्या. तिथे ड्रायव्हर नसतो, चालक असतो. प्लॅटफॉर्म नसतो, फलाट असतो. निवृत्त होऊन नवी मुंबईत मुलाकडे आल्या तरी लिफ्टला ‘उद्वाहन’च म्हणतात, आणि तेही अशा आवाजात की तळमजल्यावरचा वॉचमन दचकून उभा राहतो.

ह्या बाईंची पाण्याशी ओळख मात्र उशिरा झाली. माहेर आटपाडीकडचं, दुष्काळी. "आमच्याकडे पाणी बघायला मिळायचं ते हंड्यात," त्या सांगतात. "त्यात पोहायचं तर फक्त नाक पोहलं असतं." साठी उलटली तसे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, आणि एखादी बाई उगाच घाबरून बसली की माझं डोकं फिरतं. मी त्यांना हाताला धरून आमच्या सकाळच्या बायकांच्या बॅचला नेलं.

पहिल्या दिवशी त्यांनी उथळ बाजूचा कठडा धरला तो धरलाच. ज्ञानू हा आमचा जीवरक्षक, भला माणूस. त्यानं त्यांना पाय मारायला शिकवलं, पाण्यात श्वास सोडायला शिकवलं. कठडा धरून ताई झकास पाय मारायच्या. पण हात काढायची वेळ आली की बोटं अशी गच्च आवळायची, की ज्ञानू हसून दुसरीकडे वळायचा. एक मात्र झालं. पाण्यात उतरलं की गुडघे दुखत नाहीत, हे त्यांना कळलं. जिन्याच्या दर पायरीला "आई गं" म्हणणारी ही बाई पाण्यात तुरुतुरु चालायची आणि वर मलाच म्हणायची, "काय मनाली, दमलीस?"

एकदा खोल टोकाकडे बघत म्हणाल्या, "एकदा इकडून तिकडे जायचंय गं. कठडा न धरता. मग डॉक्टरांनी माझे गुडघे काढून घरी नेले तरी चालतील." ऑपरेशन दिवाळीनंतरचं ठरलेलं. नंतर कित्येक महिने पाण्यात उतरणं बंद. त्यामुळे जे काय करायचं ते दिवाळीच्या आतच करायचं होतं.

आमच्या बॅचमध्ये गोजराकाकीही होत्या. शेजारच्या मूळ गावच्या. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे त्यांचं भातशेत होतं. आता त्यांच्या दोन बिल्डिंगा आहेत आणि हातात जाड पाटल्या. लहानपण खाडीत डुंबण्यात गेलेलं, त्यामुळे पाण्यावर उताण्या पडून त्या भाडेकरूंचे किस्से सांगत बसायच्या. ताईंना म्हणायच्या, "सोर ना गो बाय तो कठरा. पलून नाय जायाचा तो."

कठडा पळाला नाही, पण तलावच हातचा जायची वेळ आली. आधी शॉवरचं पाणी गेलं. मग चेंजिंग रूमची कडी गेली, आणि आम्ही आळीपाळीनं दाराला पाठ लावून उभ्या राहू लागलो. मग फरशा निघाल्या आणि तळव्यांना कापायला लागल्या. शेवटी एके सकाळी फाटकावर पाटी लागली, ‘देखभालीसाठी बंद’. देखभाल करताना मात्र कोणी दिसेना. आत पाणी हिरवं होत गेलं आणि डास आमच्या खिडक्यांपर्यंत आले. ठेकेदाराचा सुपरवायझर मिथुन फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. मी रोज त्याच्याशी भांडायचे. तो रोज तेच सांगायचा, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. वरून ऑर्डर आली की चालू."

मग आम्ही रहिवाशांनी महापालिकेकडे अर्ज करायचं ठरवलं. काही जण इंग्रजीत लिहू म्हणाले. ताई कडाडल्या, "अर्ज मराठीतच जाईल!" आणि स्वतःच लिहायला बसल्या. अक्षर मोत्यासारखं. विषय : ‘आमच्या विभागातील तलावाची स्वच्छता व देखभाल होणेबाबत’. संपूर्ण अर्जात एक इंग्रजी शब्द सापडला असता तर शपथ. सगळ्यांनी कौतुक करत सह्या केल्या.

आणि काय सांगू, अर्जावर खरोखर कारवाई झाली!

एका सकाळी फाटकाशी ट्रक उभा राहिला. त्यातून चार माणसं उतरली आणि त्यांनी एक होडी उतरवली. चांगली वल्ह्यांची होडी. गावातले तलाव साफ करणारी ती टोळी होती. मिथुन त्यांच्यापुढे आडवा झाला, "अरे, हा स्विमिंग पूल आहे!" त्यांच्या मुकादमानं त्याच्यासमोर कागद धरला. "इथं तलाव लिहिलंय. तलाव साफ केल्याशिवाय आम्हाला परत जाता येत नाही." आणि खरंच, त्यांनी स्विमिंग पुलात होडी घातली, जाळ्यांनी शेवाळ काढलं, तुरटी फिरवली. काम इतकं नेटकं, की दोन दिवसांत तळाच्या रेघा दिसायला लागल्या. जाताना फाटकाशी भलामोठा निर्माल्य कलश ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी त्यात झेंडूचे हार होते, आणि एक आजोबा पुलाकडे बघून हात जोडताना मी ह्या डोळ्यांनी पाहिले.

इथवर आम्ही पोट धरधरून हसलो. पण त्यांच्या पाठोपाठ मलेरियावाले आले. तलाव म्हटल्यावर डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडायचे असतात. त्यांनी पिशव्याच्या पिशव्या सोडल्या.

आता मात्र मिथुननं हात वर केले. "फिल्टर चालू केला तर मासे अडकून मोटर जाणार. क्लोरीन टाकलं तर मासे मरणार, मग वास, मग तुमची परत कम्प्लेंट. मासे काढले तर उद्या चालू करतो. पण मासे काढायचं आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नाय ना!" मलेरियावाले म्हणाले, आम्ही सोडतो, काढत नाही. आणि होडीवाले तर निघूनच गेले होते.

त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत. मी वर गेले तर खिडकीशी बसलेल्या. "जलतरण हा एक शब्द राहिला गं," म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांचे शब्द दुरुस्त केले मी. आता दिवाळी आली तोंडावर. माझं राहिलंच, आणि तुम्हा सगळ्यांचंही घालवलं." आवाजातला तो कडकपणा कुठल्या कुठे गेला होता. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी तडक गोजराकाकींना फोन लावला.

काकी आधी खदखदून हसल्या. "यवरी बारकी मासली! कालवनाला पन पुराची नाय." मग म्हणाल्या, "माजे घरा जुना लुगरा हाय. दोगी दोन टोका धरू, सगली मासली येल." लहानपणी खाडीत त्या अशाच लुगड्यानं बारीक मासळी पकडायच्या.

मिथुननं इकडेतिकडे बघून फाटक उघडलं. ज्ञानू बादल्या घेऊन हजर. गप्पी पाण्याच्या वरच्या थरालाच फिरत होते, तेव्हा लुगडं पाण्यावर ताणून उथळ टोकापासून खोल टोकापर्यंत ओढत न्यायचं ठरलं. एक टोक काकींनी धरलं. दुसरं मी घेणार, तेवढ्यात ताई पाण्यात उतरल्या. "चूक माझी आहे. टोक मी धरणार." मी काठावरच थांबले. ज्ञानू पाण्यात उतरून त्यांच्या पलीकडून, हाताच्या अंतरावर चालू लागला.

लुगडं धरायला दोन्ही हात लागतात. कठड्यासाठी हात उरलाच नाही. हे माझ्या लक्षात आलं, ज्ञानूच्याही आलं. ताईंच्या आलं नाही. त्यांची नजर माशांवर. "गोजराबाई, डावीकडे! तुमच्या बाजूनं निसटतायत!" आगारातला आवाज परत आला होता. पाणी छातीपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, मग तळ खाली गेला. ताईंनी एका हातात टोक ठेवलं, दुसरा हात मारायला सुरुवात केली आणि पाय झकास चालू लागले, अगदी ज्ञानूनं शिकवल्यासारखे. मी काठावरून बरोबरीनं चालत होते आणि तोंडावर हात दाबून धरला होता, कारण मी ओरडले असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

खोल टोकाच्या काठाला हात लागला तशा त्या धापा टाकत म्हणाल्या, "गोजराबाई, ओढा आता तुमची बाजू!"

उत्तर फार लांबून आलं. काकी तलावाच्या मध्यावर उताण्या तरंगत होत्या. "माजा टोक कवाच सुटला गो बाय. तू एकलीच गेलीस."

ताईंनी हातातल्या लुगड्याकडे पाहिलं. ते मागे लांबलचक पसरलं होतं, रिकामं. मग त्यांनी पार पलीकडे, उथळ बाजूच्या कठड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता रडणार, आणि माझं स्वतःचं रडू मला केव्हाच आवरेनासं झालं होतं.

"आणि मासे?" त्यांनी विचारलं.

"सगले गेले मंग," काकी म्हणाल्या.

"मग पुन्हा यावं लागेल," वैजयंतीताई म्हणाल्या. लुगडं गोळा करून त्यांनी खांद्यावर टाकलं, काठावरचा हात काढला, आणि ज्ञानू पुढे व्हायच्या आत परत निघाल्या.