डावीकडची तिसरी खिडकी

लग्नाला जेवायला, मिरवायला आणि भांडायला जाणारी माणसं मी भरपूर पाहिली. पण निव्वळ बसमध्ये बसायला मिळावं म्हणून लग्नाला जाणारा माणूस पृथ्वीतलावर एकच, आणि तो माझा साडू आहे. कडावचे हे गृहस्थ खोपोलीजवळच्या कारखान्यात मोटारींचे ब्रेक बनवत. कंपनीच्या बसमधली डावीकडची तिसरी खिडकी त्यांची. तिच्या काचेवर त्यांच्या तेलकट डोक्याचा गोल डाग होता आणि त्यावर डोकं टेकल्याशिवाय त्यांना डुलकी लागत नसे. आमच्या घरीही ते डावीकडे बसून भिंतीला डोकं टेकतात; आमचा रंगारी त्यांचा ऋणी आहे.

मग एका सकाळी बस पोचली तर फाटकाला कुलूप आणि वर नोटीस. सगळे उतरले, साडू बसून राहिले. "कुलूप हाय तर उतरून काय करू?" पुढे ती बस ड्रायव्हरनेच विकत घेतली आणि तो ती वऱ्हाडांना भाड्याने द्यायला लागला. साडू प्रत्येक वऱ्हाडात हजर. कुणी विचारलं, "नवऱ्याकडचे का नवरीकडचे?" तर शांतपणे सांगत, "बसकडचा."

यथावकाश त्यांच्याच मुलीचं लग्न खोपोलीत ठरलं. नोकरी गेल्याचं कळल्यावर सोयरीक मोडता मोडता राहिली होती. व्याह्यांची अट एकच, मुहूर्त टळता कामा नये. "आमच्या सर्व्हिसला एक लेट मार्क नाय," साडू म्हणाले आणि तीच बस ठरवली. कंपनीतले जुने सोबती आले, न सांगता आपापल्या सीटवर बसले. बायका उभ्या राहिल्या, नवरी ड्रायव्हरजवळ बॉनेटवर. कर्जत मागे पडेपर्यंत सगळे पुरुष घोरत होते. मीही.

बस थांबली. माणसं रांगेने उतरली, सफारीच्या खिशात हजेरीचं कार्ड चाचपू लागली. समोर कंपनीचं फाटक होतं. ड्रायव्हरने सवयीने वळण घेतलं होतं. आतून म्हातारा वॉचमन चपला न घालता धावत आला. "चालू झाली काय रं?"

खिशातले हात खिशातच राहिले.

"अवो बाबा," खिडकीतून नवरी म्हणाली, "माझं लगीन हाय आज."

आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्त टळला होता. व्याही दारातच उभे. साडूंनी कुठे गेलो होतो ते सांगितलं आणि मान खाली घातली. "पयला लेट मार्क. लावा." व्याही भटजींकडे वळून म्हणाले, "पुढचा मुहूर्त बघा."

परतताना ते वळण आलं तेव्हा सगळी बस जागी होती. साडूंनी खिडकी मला दिली.

"तुमी बसा," म्हणाले. "मला आता इथं झोप नाय येत."

मी डोकं टेकलं. डाग माझ्या कानाच्याही खाली होता; ती जागा त्यांच्याच मापाची होती.