बोक्याशी बोलायची परवानगी

डी.एड. झाले तेव्हा मुलं कशी वाढवावीत हे मला पूर्ण ठाऊक होतं. मूल तेवढं व्हायचं होतं.

लेक झाली तेव्हा मी रत्नागिरीत प्राथमिक शाळेत शिकवत होते, नवरा मुंबईला कामाला. लेकीला सांभाळायला सासूबाई गावाहून आल्या. त्यांची बोली गावची, आणि मला तर लेकीचं मराठी डी.एड.ला शिकवणाऱ्या पुण्याच्या बाईंसारखं हवं होतं. मी सांगून टाकलं, "आई, हिच्याशी गावचं बोलू नका. शुद्ध जमत नसेल तर गप्प राहिलात तरी चालेल."

"ऱ्हातंय गप," त्या म्हणाल्या. "दारातल्या बोक्याशी बोल्लं तर चालंल ना, बाय? त्याला काय शालंत घालायचा नाय."

मी मोठ्या मनानं परवानगी दिली.

संध्याकाळी मी भिंतीवरच्या तक्त्यावर पट्टी ठेवायची. "हा हत्ती. म्हण, हत्ती." लेक पट्टीकडे बघायची. अडीच वर्षांची व्हायला आली तरी बोलेना. कान तपासून आणले, कान ठणठणीत. मग मी रडायची, आणि रडून झालं की आणखी एक तक्ता आणायची. फळांचा, भाज्यांचा.

एकदा शाळा लवकर सुटली. मागच्या पडवीत सासूबाई विळीवर बांगडे साफ करत होत्या, शेजारी लेक, समोर बोका.

"आलास? कुटं गेलवतास सकालधरनं? थांब, आदी डोकं काडतंय, मंग पोट. ह्यातला मोठा कंचा, सांग बगू."

बोका काही बोलला नाही. लेकीनं एका बांगड्यावर बोट टेकवलं. "ह्यो. तुला नाय देनार, मेल्या."

म्हणजे पोरगी बोलत होती, फक्त माझ्यापुढे नाही. आणि मी काय केलं? वाक्य दुरुस्त करायला तोंड उघडलं.

"तू गप ऱ्हा जरा," सासूबाई म्हणाल्या. "ती बोक्याशी बोलतंय."

मी पर्स ठेवून खाली बसले. इतके दिवस मी तिच्याकडून नुसतं म्हणून घेत होते. तिला काही विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, हे कुठल्याच तक्त्यावर नव्हतं.

"बोक्याला का नाही द्यायचा?" मी विचारलं.

तिनं बराच विचार केला. "काल त्यानं दोन खाल्लान."

कालची आठवण, हिशेब आणि कारण, सगळं एका वाक्यात. मी लगेच बोक्याची बाजू घेतली, आणि जेवणं होईपर्यंत आम्ही दोघी भांडत होतो.